एकसष्टावा दिवस

इथं धुक्याच्या तीन महिन्यांना खरीफ म्हणतात.
आमच्याकडं खरीप म्हणजे उडीद, सोयाबीन, पाठीवर ऊन;
इथं खरीफ म्हणजे पुढे केलेला हात दिसत नाही
आणि गाय आवाजावरून ओळखायची.
कैरूनच्या वर, डोंगर समुद्राकडं तोंड करून बसलाय तिथं
बखीत बिन सुहैलच्या एकशेवीस गायी,
त्यांची वही माझ्याकडं.

वळू एक डिसेंबरला सोडतात, त्रेसष्ट दिवसांनी काढतात.
दहा सप्टेंबरपासून वही उघडी :
पहिले एकवीस, मधले एकवीस, शेवटचे एकवीस.
गाय एकवीस दिवसांनी माजावर येते,
ते गणित बखीतचं नाही, तिचं.

पहिल्या एकवीसात आलेल्याला गवत भेटतं.
आईची कास भरलेली, चीक घट्ट, पिवळा,
उठताना धडपडलं तरी खाली चिखल मऊ.
ऑक्टोबरात डोंगर रंग सोडतो.
नोव्हेंबरात आलेल्याला फक्त आई भेटते,
आणि आईला सुकी मासळी, मिरबातहून पोत्यांनी येते ती.
गायीला मासे खाताना पहिल्यांदा पाहिलं
त्या दिवशी मी जेवलो नाही.
रत्नागिरीचा ड्रायव्हर मुकादम म्हणाला,
अरे नागोराव, ही तर आमची तारली!

एकशे अठरा नंबर एकसष्टाव्या रात्री आली.
नऊ नोव्हेंबर, मागचे पाय आधी.
मी ओढून काढली. वीस किलो.
कानात बिल्ला मारताना ओरडलीसुद्धा नाही,
नुसती बघत राहिली,
जणू उशीर तिनंच केला होता.

तीन एप्रिलला सगळ्यांना एकाच दिवशी दुधावरून तोडतात,
त्याच दिवशी काट्यावर.
काटा वय विचारत नाही.
सात नंबर : एकशे बावन्न.
एकशे अठरा : एकशे सोळा.
जड कालवडी राहतात, लवकर गाभण जातात,
त्यांची वासरं पुन्हा पहिल्या एकवीसात.
असं घराणं बनतं, कुणी ठरवत नाही.
शेवटच्या एकवीसातल्या सलालाच्या बाजारात;
बखीतच्या बापाचा नियम.

रात्री वही उघडून बसलो.
नऊ नोव्हेंबरचं वीस ऑक्टोबर करायला
एक ओळ पुरते. मधल्या एकवीसात बसली असती.

हेडमास्तरांनी असंच केलं होतं.
मी हुरड्याच्या दिवसांतला;
त्यांनी एक जून टाकला. वर्गात तेवीस जणांना एक जून.
सहा महिने आधी शाळेत बसवलं, उपकारच तो.
मग चौथीपर्यंत मी सगळ्यात बुटका,
कबड्डीत कुणी घेईना, पाढे अडखळत,
प्रगतिपुस्तकात शेरा : वयाच्या मानाने कच्चा.
कुठल्या वयाच्या?

पेन खाली ठेवलं. जन्माचं वजन वजा करून भागाकार केला.
सात नंबरला रोजचे सहाशे चोवीस ग्रॅम.
एकशे अठराला सहाशे बासष्ट, तेही वाळक्या डोंगरावर.
वीस ऑक्टोबर लिहिलं असतं तर पाचशे ब्याऐंशी :
मोठी ठरली असती, आणि कच्ची.

सकाळी कागद बखीतला दाखवला.
त्यानं दोनदा वाचला. चहा ओतला.
म्हणाला, बरोबर आहे. आता हे गवताला समजावून सांग.
माणूस वाईट नाही.
ट्रकच्या फळीवर तिचा मागचा पाय घसरला,
मी ढुंगणाला हात लावला, चढली.

संध्याकाळी आईला फोन केला.
नक्की कोणत्या दिवशी झालो गं मी?
तांबडी व्याली न्हवं का, ती म्हणाली,
तिच्या दुसऱ्या दिवशी.
आणि तांबडी कधी व्याली?
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला, तिकडचा का इकडचा कळेना.
मग म्हणाली,
कालवड झाली होती. कपाळाला चांद होता.