चांदणीची नोट

तोंडी बोलत नाही मी, वहीत लिहिलेलं आहे:
शार्दूल अरिंगळे, मध्यंतरापूर्वी अकरा चढाया, आठ गुण.
मध्यंतरानंतर चौदा चढाया, तीन.
हे एका सामन्याचं नाही,
सलग चार रात्री हेच आकडे, थोडे इकडेतिकडे,
आणि तरी जेलरोडवर जो तो म्हणतो,
शार्दूल आहे ना, मग चिंता कशाला?

कशाला ते सांगतो.
सात मॅटवर, पाच बाकावर.
त्या पाचांत दोघं अध्यक्षांचे भाचे,
एक पाण्याच्या बाटल्या छान सांभाळतो,
एकाचा खांदा दत्तजयंतीपासून जागेवर नाही.
उरला वाल्मीक लोखंडे, डावा कोपरा.
दिवसभर मोहाडीला द्राक्षांच्या पेट्या भरतो,
सहाच्या बसने येतो,
हाताला गंधकाचा वास तसाच.
घोलप सर त्याला जर्सी देतात,
मॅट देत नाहीत.

मी प्रेसमध्ये होतो, सदतीस वर्षं, तपासणी विभाग.
छापून आलेले कागद डोळ्यांखालून घालायचे,
शाई पसरली, कड सरकली, की ती नोट बाजूला.
पण शंभराचं बंडल नव्व्याण्णवाचं चालत नाही.
तिच्या जागी दुसरी जायची,
नंबरात एक बारीक चांदणी असलेली.
किंमत तीच, कागद तोच, सही तीच.
बाजारात मात्र लोक तिला उजेडात धरून बघतात,
किराणावाला म्हणतो, काका, दुसरी द्या ना.

राखीव खेळाडूला मी चांदणीची नोट म्हणतो.
तौफिक मणियार, चार वर्षं माझ्याच शेजारच्या खुर्चीवर,
शेंगदाणे सोलता सोलता म्हणतो,
काका, नोटेचे पाय थरथरत नाहीत.

उपांत्य सामना, मुक्तिधाममागचं मैदान, समोर पंचवटीवाले.
सोळा-चौदा, आपण पुढे.
आणि आमच्या डाव्या कोपऱ्याचा घोटा मुरगळला.
घोलप सरांनी बाकाकडे असं पाहिलं
जसं रिकाम्या डब्यात पाहतात.

वाल्मीक उठला.
ट्रॅक पँट काढताना पाय अडकला, लोक हसले.
पहिल्या चढाईला बोनस दिला.
दुसऱ्या चढाईत घाईने सूर मारला,
स्वतः बाद झाला, सोबत मधल्या गायधनीलाही घेऊन गेला.
सोळा-सतरा.

आणि ओरडलं कोण?
"काढा त्याला! बाहेर काढा!"
घसा माझा होता.
तौफिकने माझ्याकडे पाहिलं नाही,
मांडीवरच्या वहीकडे पाहिलं,
आणि शेंगदाण्याचा पुडा माझ्यापुढे धरला.

शार्दूल गेला, रिकामा आला.
गेला, रिकामा.
तिसऱ्यांदा गेला, आलाच नाही.
गुडघ्याची पट्टी सुटून घोट्यावर लोंबत होती,
ती पाच सामने तशीच होती,
दिसत सगळ्यांना होती.

पुढे आमची एक पकड झाली तसा वाल्मीक परत आत आला.
आता घाई नाही.
पंचवटीचा तो उंच पोरगा निदान रेषा ओलांडून आत शिरला,
वाल्मीकने त्याला शिरू दिलं,
अजून थोडं शिरू दिलं,
मी श्वास धरला, चढाई माझी असल्यासारखा,
आणि मग पेटीला झाकण बसावं तसा तो घोट्यावर बसला.
असं तीनदा.

हरलो. सत्तावीस-अठ्ठावीस.
त्यानेच सुरुवातीला दिलेले तीन गुण, असं पानटपरीवर ठरलं.
शार्दूलचा दिवस नव्हता, असंही ठरलं.
पोराला अख्ख्या मोसमात एकही सामना का दिला नव्हता,
पहिल्यांदा चुकायला उपांत्य फेरीच का मिळावी,
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही, कारण माझा घसा बसला होता,
कशाने, ते तुम्हाला माहीत आहे.

वहीत लिहिलं: लोखंडे, सहा प्रयत्न, तीन पकडी.
खाली पेन्सिलीने माझं नाव,
एक प्रयत्न, एक चूक.

काल कळलं, मंडळाने वाल्मीककडून जर्सी
धुऊन परत मागवली आहे.
अध्यक्षांना तिसरा भाचा आहे,
त्याला ती दंडात घट्ट होईल की काय,
एवढीच सध्या चर्चा.