अडीचशे हर्ट्झ

शनिवारी रात्री चाळीस मीटरवर
सगळा युरोप एकदम बोलायला बसतो.
लेम्बित म्हणतो, बघ, सात मेगाहर्ट्झला
मुंगी शिरायला जागा नाही,
आणि हेडफोनचा एक कान माझ्याकडे करतो.
मला ऐकू येतात पत्र्यावर पडणाऱ्या गारा.

त्या गारांखाली कुठेतरी अझोरेसचा झेफेरिनो आहे.
पाच वॉट, आणि कुंपणावर टाकलेली तार.

लेम्बित फिल्टर आवळतो. पाचशे. अडीचशे.
डावीकडचा इटालियन गेला.
शंभर,
आणि आता सगळंच घंटेसारखं घुमतं,
कड कुठे संपला, कट्ट कुठे सुरू झाला, पत्ता नाही.
फार पाखडलं की दाणेही उडतात, मी म्हणते.
तो हसत नाही. परत अडीचशेवर येतो,
फिल्टर केसभर खाली सरकवतो,
उजवीकडचा दांडगा शेजारी कडेला पडतो.
तरी मधे एक बारीक चरचर उरतेच.

मी उठते. स्वयंपाकघरातला नवा दिवा बंद करते,
मग मोबाइलचा चार्जर. मग फ्रिजसुद्धा.
हिऊमा बेटावर आता फक्त बर्फ उजळ.

"थांब," तो म्हणतो. पेन्सिल चालू लागते.
झेफेरिनोचा कड नेहमी जरा लांबतो,
बोटीवर मोडलेलं मनगट.
कागदावर उमटतं: बायको घरी आली. चालते. काठीने.

इटालियन अजून तिथेच असेल, शेजारीच,
कुणाला तरी हाका मारत.
मी अंधारात काळ्या पावाला लोणी लावते,
सुरी ताटलीला लागू न देता.