फाटकावरची वही

एकोणतीस वर्षं मी ह्या फाटकात उभा हाय.
गंगावेशीतनं आत वळलं की
डाव्या हाताला जी बैठी शाळा, ती.
घंटा माझी, किल्ल्या माझ्या,
आणि उशिराची वही माझी.
उशीर झाला की नाव, नावापुढं फुली,
तीन फुल्यांना एक छडी.
हिशेब सरळ.
पोरं मला फुलीनं ठाऊक, तोंडानं न्हाई.

मग मोठ्या बाई आल्या, मुजावर बाई.
पहिल्याच मीटिंगला आम्हालाबी बोलावलं,
मला, खिचडीच्या इंदुमावशींना, झाडलोटीच्या सुरेखाला.
खुर्च्या कमी पडल्या तर बाई पोरांच्या बाकावर बसल्या,
गुडघे पोटाशी घेऊन.
म्हणाल्या, "पाढे शिकवतो तसं वागणंबी शिकवायचं.
'नीट वाग, नीट वाग' म्हणतो आपण,
नीट म्हंजे काय, ते कधी दाखवलंय?"
बोरगावे गुरुजी मिशीत हसले.
मी तर उघडच हसलो.

सोमवारी सगळ्या शाळेला
नळावर उभं राहायला शिकवलं.
खरं सांगतो, नळावर!
ओंजळ कशी धरायची,
मागच्याला "घे, तुझी पाळी" कसं म्हणायचं.
मंगळवारी जिना.
बुधवारी चपलांची रांग.
कोल्हापूरची पोरं,
आणि त्यांना चपला शिकवायच्या!

माझी वही गेली.
पाणी प्यायच्या रांजणाची तिवई डगमगत होती,
तिच्या पायाखाली बसली बरोबर.
तिच्या जागी काम आलं ते नाव घ्यायचं.
"ये अल्फिया."
"ये सुमेध, गुडघा बरा झाला का?"
तीनशे अठरा नावं, ह्या वयात.
पाचवीतल्या जुळ्यांना मी आठवडाभर उलटं हाकारलं,
दोघीबी "ओ" देत राहिल्या,
मजा बघितली लेकींनी.

भांडणं थांबली? कुठली.
महिन्यात सतरा.
बाईंनी सगळी फळ्यावर मांडली.
कुणी केली, ते न्हाई,
कुठं झाली आणि किती वाजता.
अकरा नळावर, पावणेदहाच्या सुट्टीत.
एक नळ, दहा मिनिटं, तीनशे अठरा तोंडं.
सगळे गप्प.
इंदुमावशी पदराला हात पुसत म्हणाल्या,
"म्हंजे नळच वांड निघाला की वो."
पुढच्या महिन्यात चार तोट्या बसल्या.
गुरुजींची छडी कपाटावर हाय अजून,
टाकली न्हाई, काढलीबी न्हाई.

आता हर्षदचं सांगतो.
हर्षद मोरबाळे, सातवी,
माझ्या वहीत सगळ्यात जास्त फुल्या त्याच्या.
का उशीर, मी कधी विचारलं न्हाई,
वहीत तसा रकानाच नव्हता.
नाव घ्यायला लागलो, त्याच्या चौथ्या दिवशी
तो आपणच थांबला.
"मामा, म्हशी कट्ट्यावर असतात.
दूध संपल्याबगार सुटता येत न्हाई."

कट्ट्यावर.
मी रोज सकाळी सहाला तिथं उभा असतो,
समोर धार काढलेलं गरम दूध,
वर चार बोटं फेस.
पेला देणारा हात मला ठाऊक हाय,
अंगठ्यापाशी भाजल्याचा डाग हाय त्याला.
हाताच्या वर कधी बघितलं न्हाई.
त्याच्या हातचं दूध प्यायचो,
ओठ पुसत शाळेत यायचो
आणि त्याच्याच नावापुढं फुली मारायचो.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या न्हाईत.
परिपाठाच्या वेळी हर्षदकडं
रांजण भरायचं काम दिलं, बास.
त्याला तेवढ्यासाठी धावत येताना बघितलाय मी.
तरी परवा उशीर झालाच.
आणि गेल्या गुरुवारी त्यानं एकाचा सदराबी फाडला.

आज पहाटे कट्ट्यावर पेला घेताना
मी म्हटलं, "हर्षद."
तो दचकला, थोडं दूध सांडलं,
ते म्हशीनं चाटलं.
मग त्यानं पेला परत घेतला,
काठोकाठ भरून दिला.
पैसे मात्र
तेवढेच घेतले.