चाव्या देताना

ही घे, सिद्राय. छोटी कपाटाची,
मोठी मागच्या खोलीची. आत वास येईल,
फॉर्मलिनचा, आणि थोडा माझा.
एकतीस वर्षं काचा धुतल्या मी इथं.
हिरेमठ मॅडमनी डोळा लावायला सांगितलं
ते अकराव्या वर्षी.
म्हणाल्या, मोनाप्पा, बघा की.

आरपार दिसणारी थैली, शेंगेसारखी लांबुडकी.
आत बीजाणू, एकामागं एक,
रेशनच्या दुकानापुढं उभे राहावेत तसे.
मी मोजले. परत मोजले. आठ.
माझ्या आईलाही आठच झाली होती.
जगलो तिघं.
इथं आठही जागेवर होते.

तेव्हापासून ही भाऊबंदकी मला पाठ आहे.
चिठ्ठ्यांवर लॅटिन आहे, घाबरू नकोस,
घरची नावं मी सांगतो.

वरच्या फळीवर कणकुंबीची मुंगी.
पानाची शीर दातात धरून मेलेली,
डोक्यातून दांडी फुटलेली.
बुरशीला उंचावर जायचं होतं, पाय नव्हते,
म्हणून मुंगीचे उसने घेतले.
परत केले नाहीत.

शेजारी काळी बोटं,
जांबोटीच्या जंगलात पडलेल्या किंजळीवरची.
मेल्या माणसाची बोटं म्हणतात त्यांना पुस्तकात.
मला ती गवंड्याची वाटतात, उलट्या कामावरच्या गवंड्याची:
उभं झाड उतरवायचं, कण कण,
आणि मातीचं मातीला मोजून द्यायचं.
ही नसती तर जंगलात नुसते ओंडके असते,
पाय ठेवायला जागा नाही.

खालच्या डब्यात रायबागचा ऊस, उभा चिरलेला.
गाभा लाल, मध्ये पांढरे पट्टे,
ताजा होता तेव्हा दारूसारखा घमघमायचा.
त्याला कुजवणारी ह्यांच्यातलीच.
खानापूरच्या भातावरचा करपा, अथणीच्या द्राक्षावरची भुरी,
आणि माझ्या कमरेवरचं गजकर्ण.
ते मॅडमनी खरवडून काचेवर घेतलं,
बघितलं, म्हणाल्या,
अभिनंदन मोनाप्पा, नातेवाईक निघाले.
न्यूमोनियात माझा धाकटा भाऊ ज्या सुईनं वाचला
ती सुईही ह्याच घरातून आलेली.
एका घरात चोर अन् डॉक्टर.
कुठल्या घरात नसतात?

दगडफुलाची पुडी वेगळी ठेवलीय.
ते फूल नाही, दगडाचं तर नाहीच.
बुरशीनं भिंती घातल्या, आत शेवाळ राहतं,
उन्हावर रांधतं, दोघं जेवतात.
मालक कोण आणि कूळ कोण
ह्यावर मॅडम आणि बागेवाडी सर
अर्धा तास भांडले होते. चहा दोनदा गरम केला मी.

चोर्ल्याच्या वाटेवर एक हद्दीचा दगड आहे,
दोन बाजूंना दोन लिप्या.
सर्वेवाला तारेचा ब्रश घेऊन आला तेव्हा आम्ही तिथंच होतो.
मॅडमनी त्याचा हात धरला:
वर्षाला मिलिमीटरभर वाढतं हो हे,
वीतभर झालंय, पणजोबांना घासताय तुम्ही.
तो हसला. घासलंच.
पूड मी पाकिटात भरून आणली. नोंद आहे, पान एकशे चौदा.
घरी आम्ही तेच मटणाच्या मसाल्यात घालतो,
हे मॅडमना कधी सांगितलं नाही.

शेवटच्या बाटलीला चिठ्ठी नाही.
शेणावरची नारिंगी वाटी, करंगळीच्या नखाएवढी.
नाव लागेपर्यंत मॅडम धारवाडला गेल्या.
ताजी असताना तिच्यावर फुंकर घातली
तर थोडा धूर उडाला होता,
कान जवळ नेला तर फुस्स.
हजारो थैल्या एकदम, प्रत्येकीत आठ.
नाव नाही म्हणून फेकू नकोस.

पाव खा, गार होतोय.
त्याला फुगवणारंही त्याच घरचं,
धाकटं, जरा गरीब स्वभावाचं.
आणि जाताना कपाटाचं दार
थोडं उचलून लाव.
बिजागरी झिजलीय.