शिल्लक

चढावर माझी टपालाची लाल गाडी धापा टाकते.
अकरा धुराड्यांपैकी चारांतूनच धूर निघतो,
चौथं देओलिंदाचं.
पत्रं आता येत नाहीत. येतात विजेची बिलं,
औषधांची खोकी, आणि मी.

या खेपेला तिने कागद मागवले होते, इंटरनेटचे.
सगळ्यात स्वस्त कोणतं तेवढं बघ, अमादेऊ,
आणि मला सहीत अडकवू नकोस.

पहिला कागद: तारेतून, हवं तेवढं,
दोन वर्षांचा करार.
चष्म्यावरून बघत ती म्हणाली,
दोन वर्षं? माझ्याजवळ तेवढी आहेत का,
विचारलंस त्यांना?
शिवाय तार खालच्या पुलापाशीच संपते.

दुसरा: छपरावर तबकडी.
किंमत ऐकून तिने शेळीकडे पाहिलं.
शेळीने माझ्याकडे.

तिसरा: नखाएवढं सिमकार्ड
आणि साबणाच्या वडीएवढी डबी.
पंधरा युरोत वीस जीबी, सही नाही, करार नाही.
जीबी म्हणजे काय?
मी सांगायला गेलो, अडखळलो.
पावात सांग, म्हणाली.

मग सांगितलं:
झेफेरिनोचा चेहरा तासभर पाहणं, एक पाव.
बातम्या वाचणं, टेबलावरचा चुरा.
कुणी सिनेमा लावला तर
अख्खी भट्टी गेली समज.
तिने मान हलवली, हिशेब कळल्यासारखी,
आणि पिठाच्या डब्यामागून तिने पंधरा युरो काढले,
सगळे सुट्टे.

डबी हातात धरून घरभर फिरलो.
चुलीपाशी एक दांडी.
संत आंतोनियोच्या कोनाड्यात एकही नाही
(ती त्याच्याकडे बघून चुकचुकली).
मागच्या खिडकीत, कांद्यांच्या वेण्यांमध्ये, तीन.
तिथेच खिळा ठोकला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, काम आटपून,
पुन्हा गेलो, नवं भरून द्यायला.
नऊ शिल्लक आहेत, मी म्हटलं,
आज रात्री बाराला जातील.
जातील? कुठे?
कंपनीकडे.
मी विकत घेतलेले?
हो.
शिळे झाले म्हणून?
नाही. महिना झाला म्हणून.

साठ वर्षांत या घरात पाव टाकलेला नाही.
वाळला तर सुपात,
बुरसला तर डुकराला.
तिने पदराला, म्हणजे एप्रनला, हात पुसले
आणि लक्झेंबर्गला फोन लावला.
बोलायचं काही नाही, झेफेरिनो.
फक्त बंद करू नकोस.

त्याने फोन साखरेच्या बरणीला टेकवला असावा.
आम्हाला दिसत होता एक नळ,
अर्धा फ्रिज, आणि सुनेची कोपरं, येता-जाता.
नात वही घेऊन बसली, पेन्सिल चावत,
फ्रेंच शब्द पुटपुटत.
देओलिंदा इकडे घेवडा सोलत होती.
अर्धा ढीग तिने माझ्यापुढे सरकवला.
कुणी कुणाशी बोललं नाही.
एकदाच, पाठमोरा झेफेरिनो म्हणाला, तेल कुठे गेलं?
खालच्या फळीवर बघ, ही इथून म्हणाली.
होतं.

दहाला मी उठलो. तिकडे अकरा.
दिवा मालवलेला, फोन तसाच,
अंधारात भट्टीवरच्या घड्याळाचे हिरवे आकडे,
बरणीची कड.
शेंगांची टरफलं परातीत. अजून काही पाव उरलेले.
ती त्या दुसऱ्या स्वयंपाकघराकडे बघत बसली होती,
भट्टीवर नजर ठेवावी तशी.

जा तू, म्हणाली. बारापर्यंत मी आहे.
आणि दार हळू ओढ.
पोरगी झोपलीये तिकडे.