ज्याच्याकडे लिंक, त्याला दिसेल

ओजसने त्याचं नाव ठेवलंय मुनीम.
पगार नाही, चहा नाही, खुर्ची नाही,
सांगितलं की कामाला लागतो.

रामबागेतल्या या लॅबमध्ये एकोणीस वर्षं
मी लोकांचं रक्त आकड्यांत उतरवून घेते,
आणि गेली नऊ वर्षं ते आकडे
लिंक करून पाठवत आले:
मुलाला पुण्यात, सुनेला दुबईत,
देवासच्या डॉक्टरांना, एकदा चुकून
राजवाड्यामागच्या कुणा साडीवाल्याला.
प्रत्येकीखाली तीच एक ओळ,
ज्याच्याकडे लिंक, त्याला दिसेल.

बिवलकर डॉक्टर परवा म्हणाले,
कुंदाताई, नऊ वर्षं आपण
दारं सताड टाकून झोपलोय.
खरंच होतं. कुणाची साखर, कुणाची कावीळ,
एका मुलीचा तो रिपोर्ट,
जो तिने आईलाही दाखवला नव्हता,
सगळं वाऱ्यावर.

म्हणून रात्री शटर अर्धं ओढून
मी मुनीमला लिहिलं: सगळ्या मागे घे.
त्याने आधी मोजल्या. तीन हजार आठशे बारा.
मग आपल्या कचरागाडीसारखं,
ओला वेगळा, सुका वेगळा:
कधीच न उघडलेल्या,
एकदा उघडून विसरलेल्या,
माणूसच राहिला नाही अशा.
'एकदा मागे घेतली की तीच लिंक परत चालणार नाही. घेऊ?'
घे, म्हटलं.
चहा निवायच्या आत तीन हजार आठशे अकरा.
एवढी दारं लागली, कडीचा आवाज नाही.

एकीशी थांबला.
'मुळ्ये दिगंबर, वय ६१. मार्च २०२०.
उघडली: १४६ वेळा. शेवटची: काल, रात्री २:४०.
कुणीतरी वापरतंय. मागे घेऊ?'

मुळ्ये पुढच्या मे महिन्यात गेले.
नंतरचे सहा रिपोर्टही आमचेच,
लाल आकड्यांनी भरलेले. ते कुणी उघडले नाहीत.
हा मात्र:
हिमोग्लोबिन चौदा पूर्णांक दोन,
पांढऱ्या पेशी जागच्या जागी,
खाली तपासणाऱ्याची सही, माझी,
आणि शेरा: सर्व मर्यादेत.

मुनीम वाट बघत होता.
म्हणजे रेघ लुकलुकत होती,
वाट बघणं त्याला कुठलं ठाऊक.
मी रिपोर्ट जाड कागदावर छापला,
पाकिटात घातला, वर नाव घातलं,
मग लिहिलं: ही पण.
'झालं. उरलेल्या: शून्य.'

सकाळी फोन.
अहो, ते उघडत नाहीये.
आवाज ओळखला मी. म्हटलं, शैलजाताई,
कागद काढून ठेवलाय,
ओजस जाता जाता देऊन जाईल.
त्या गप्प. मागे नर्मदेचा नळ आला असावा,
बादली भरत होती, भरून वाहायला लागली,
तरी त्या हलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, कागद आहे हो माझ्याकडे,
कपाटात, साड्यांखाली.
ते उघडायला जरा वेळ लागायचा ना,
गोल गोल फिरत राहायचं,
तेवढा वेळ वाटायचं
आतून कुणीतरी उठून
दार उघडायला येतंय.

मी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं.
काउंटरवर एक पोरगा
बाही वर सारून उभा होता कधीचा.
रिपोर्ट मोबाइलवर टाकाल ना, ताई?
टाकीन, म्हटलं, पण आता सातच दिवस उघडेल.
सात?
तो हसला. मला तर एकदाच बघायचाय.

मूठ आवळ, म्हटलं,
आणि शीर शोधू लागले.