अंगठ्याचं काम

इनास परेरानं रीळ काउंटरवर ठेवलं तेव्हा
मी एका शिलाई मशीनच्या शटलमधून
निळ्या धाग्याचा भुगा उकरत होतो.
ओर्लेम, चर्चमागची गल्ली, सहा फुटी दुकान.
हे माझं काम नाही, मी म्हणालो.
धागा हाय, बॉबिन हाय, टेन्शन हाय,
आणखी काय पायजे तुला?

मढच्या एका खलाशाकडून सातशेला घेतलेलं.
त्यानं कुणाकडून, ते विचारायचं नसतं.
तक्रार एकच: फेकलं की गुंता.
गळ पुढे जायच्या आधी तंगूस उसळतो,
रिळावर शेवयांचा ढीग.

बाजूच्या झाकणाला तीन स्क्रू,
एकाचं डोकं कुणीतरी सुरीनं कुरतडलेलं.
आत ग्रीस नव्हतं, डिंक होता.
मिठाची पांढरी बुरशी,
आणि तंगूस सारखा पसरवणाऱ्या दांड्याच्या
नागमोडी खाचेत
माशाचं एक खवलं, अजून चकाकणारं.
ते मी फेकलं नाही. का, ते माहीत नाही.

दोन बेअरिंगं रॉकेलच्या वाटीत.
एक गप्प फिरलं. दुसरं जात्यासारखं घरघरलं;
ओव्हरलॉकच्या जुन्या सामानात त्याच मापाचं निघालं.
ब्रेकचा वॉशर उलटा बसलेला,
म्हणजे माझ्याआधी कुणी मिस्त्री येऊन गेला होता.
त्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो
तोच माझ्याच चिमट्यातून स्प्रिंग उडाली.
काउंटरखाली लोहचुंबक फिरवला:
तीन सुया, चार आण्याचं नाणं,
शेवटी ती.

सगळं बसवलं. टिचकी मारली.
एकवीस मोजेपर्यंत रीळ फिरत राहिलं.
दुकान वाढवल्यावर रिकाम्या गल्लीत
शिसं बांधून फेकलं.
शेवया.
पुन्हा उघडलं. ब्रेक आवळला, सैल केला, पुन्हा आवळला.
शेवया, शेवया.
वरच्या खिडकीतून लोबोबाईंची नात म्हणाली,
अंकल, पतंग आहे का?

रविवारी मार्वेच्या जेट्टीवर
इनासनं ते माझ्या हातातून घेतलं, फेकलं.
शिसं गेलं, गेलं, खाडीच्या पार मधोमध जाऊन
डुबुक.
गुंता नाही.
तुजं काम झालंय, तो म्हणाला.
ह्यो राहतो तो अंगठा.

मग मी नीट पाहिलं.
रीळ सुटताना त्याचा अंगठा
त्यावर टेकलेला होता,
लेकराच्या टाळूवर तेल जिरवताना
बाईची बोटं टेकतात तसा,
दाबत नव्हता, सोडतही नव्हता.
शिसं पाण्याला लागायच्या क्षणी मात्र
एकदम भारी झाला.

गेल्या महिन्यात रेशनच्या दुकानात
मशीननं हाच अंगठा घेतला नाही.
चार वेळा दाबला. पाचव्यांदा दुकानदारानं
स्वतःच्या रुमालानं पुसून दाबला.
तंगुसानं सगळ्या रेघा नेलेल्या.
काका, मशीन म्हणतं, तुम्ही तुम्ही नाही.
सांगताना इनास हसला, मग हसायचा थांबला,
मग गळाला कोलंबी लावली.

शाळेत आम्ही ज्याला लिहिता येत नाही
त्याला अंगठेबहाद्दर म्हणायचो.
मीही म्हणायचो. पुष्कळदा.

ओहोटी लागेपर्यंत मी फेकत राहिलो.
नऊ गुंते.
दहाव्यांदा वीतभर कमी गुंता.
इनास काही बोलला नाही, नुसता
नखानं एकेक वेढा सोडवत बसला.
एक शिंगाळा लागला, त्यानं तो परत सोडला.
जाताना दोनशे रुपये दिले,
मी शंभर घेतले, त्यावरून थोडं भांडण.

आता दुकानात, खवल्याशेजारी डबीत
एक पातळ पितळी चकती पडून आहे.
रीळ तिच्यावाचून चालतंय.
ती कुठली, मला कळलेलं नाही,
आणि इनासला
मी अजून सांगितलेलं नाही.